पडक्या बंदरांचे फोटो पडक्या किल्ल्यांसारखेच का दिसतात?

पुळणवाट

सध्या पडक्या बंदरांचे फोटो बघायचा नाद लागलाय. कुठलंही बंदर, कुठल्याही समुद्रावरचं. फोटो वाईट नसतात, उलट एकेकाची मेहनत बघून थक्क व्हायला होतं. पण बहुतेकांत तेच: उंच भिंत, भिंतीच्या फटीतून आलेलं झाड, मागे पेटलेलं आभाळ. खालची ओळ झाकली तर हा किल्ला, हा वाडा की हे बंदर, छातीठोक सांगता येणार नाही.

माझं म्हणणं मांडतो, मग तुटून पडा. बंदर बांधणाऱ्याला भिंतीची हौस नव्हती. त्याला लाटांपासून आडोसा असलेलं, गलबत तरंगेल एवढं खोल पाणी हवं होतं. भिंत हा त्यासाठी करावा लागलेला खर्च. म्हणजे फोटोत मोठी जागा द्यायची ती त्या पाण्याला, आणि पाणी गेलंच असेल तर ते जिथे होतं त्या खळग्याला. गलबत आत कुठून शिरायचं, वळायचं कुठे, बांधायचे कशाला, माल वर कसा चढायचा, यातलं एक तरी फोटो बघून कळलं पाहिजे. नुसती पडझड काय, कुठेही मिळते.

तर अशा ठिकाणी पोचल्यावर तुम्ही आधी काय शोधता? उभे कुठे राहता, जाता कधी? कॅमेऱ्याच्या कंपन्यांवरून मारामाऱ्या इथे नकोत. त्यासाठी वेगळे धागे आहेत आणि तिथे पुरेसं रक्त सांडून झालंय.

ट्रायपॉडधारी

खुर्ची टाकून बसलोय. चालू द्या.

उधाणकर

आधी भरती-ओहोटीचा तक्ता, मग हवामान, मग उजेड. लोक नेमकं उलट करतात. सूर्यास्ताची वेळ बघून निघतात आणि पोचल्यावर पाणी जिथे असेल तिथे असतं.

जिथे दिवसातून दोनदा भरती येते तिथे एका भरतीपासून दुसरीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. म्हणून रोजची वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण (पाणी सगळ्यात जास्त चढतं-उतरतं), अष्टमीच्या आसपास भांग (सगळ्यात कमी). उधाणाचा जोर बऱ्याच ठिकाणी तिथीनंतर एक-दोन दिवसांनी असतो, तेही ध्यानात ठेवा. हे सगळ्यांना माहीत असतं. पुढची गोष्ट फारसं कुणी वापरत नाही: एखाद्या ठिकाणी उधाणाची मोठी ओहोटी वर्षभर घड्याळात साधारण त्याच वेळांना येते. काही किनाऱ्यांवर ती सकाळी आणि संध्याकाळी असते, काहींवर भर दुपारी आणि मध्यरात्री. पहिल्या प्रकारच्या किनाऱ्यावर असाल तर तुमचं नशीब जोरावर, कारण दर पंधरवड्याला बंदराचा तळ उघडा पडतो तेव्हाच तिरपं ऊनही असतं. दुसऱ्या प्रकारच्या किनाऱ्यावर हा योग जन्मात येणार नाही. तिथे सोनेरी उजेडात ओहोटी हवी असेल तर ती भांगाचीच मिळणार, म्हणजे पाणी फार उतरणार नाही. वर्षभराचा तक्ता एकदा घेऊन बसलात की तुमचा किनारा कुठल्या जातीचा ते पाच मिनिटांत कळतं.

दुसरं म्हणजे वहीत नोंद. धक्क्याची अमुक पायरी किंवा अमुक दगड पाण्यातून बाहेर आला ती वेळ लिहून ठेवा. त्या वेळी पाण्याची उंची किती होती ते तक्त्यावरून निघतं. मग पुढच्या खेपेला तोच दगड कधी दिसणार हे घरबसल्या सांगता येतं. थोडी गफलत राहते, कारण हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला तर समुद्र अदमासे एक सेंटिमीटर चढतो, आणि किनाऱ्याकडे जोराचा वारा असेल तर आणखी वर.

नीलरेषा

उधाणकर, हे सगळं महासागराच्या किनाऱ्यावर ठीक. भूमध्य समुद्रावर तुमचा तक्ता गुंडाळून ठेवावा लागेल. तिथे बहुतेक ठिकाणी भरती-ओहोटीतला फरक काही दहा सेंटिमीटरांचा. म्हणून तर रोमन लोकांना धक्क्यावरच्या कड्या ठरावीक उंचीवर बसवता आल्या. समुद्र तेव्हापासून किती चढला हे शोधणारे आज त्याच बांधकामांवरून हिशेब मांडतात.

अशा ठिकाणी बघायचा तो वारा. दोन दिवस वारा पडलेला असेल तर पाणी निवळतं आणि बुडालेल्या भिंती वरून दिसायला लागतात. आणि सूर्य डोक्यावर हवा! सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन पृष्ठभागावरूनच परावर्तित होतं, खाली फारसं उतरत नाही. उन्हाच्या वेळी, थोड्या उंचीवरून, ध्रुवण फिल्टर लावून. पाण्याशी साधारण ३७ अंशांचा कोन करून बघितलं की चकाकी सगळ्यात जास्त कापली जाते. थेट खाली बघून फिल्टर कितीही फिरवा, काही होत नाही.

खडूस_काका

चला, भर दुपारी फोटो काढा म्हणणारं कुणीतरी भेटलं. आता मरायला मोकळा.

गाळमित्र

पुळणवाट यांचा मुद्दा मला पटतो, त्यात भर घालतो. बंदर कशाने मेलं हे आधी शोधा. मरणाच्या कारणाप्रमाणे फोटो बदलतो.

सगळ्यात नेहमीचं कारण गाळ. लाटा अडवल्या की आतलं पाणी संथ होतं, आणि संथ पाणी आपल्यातली माती खाली टाकतं. बंदर जितकं चांगलं, तितकं लवकर भरतं. तुर्कस्तानातल्या एफेससचं बंदर नदीच्या गाळाने असं भरलं की समुद्र आता कित्येक किलोमीटर लांब गेलाय. रोमजवळच्या पोर्टसची तीच गत. सम्राट ट्राजानने तिथे षटकोनी गोदी बांधली, एकेक बाजू साडेतीनशे मीटरांहून लांब. गोदीत आजही पाणी आहे, पण समुद्र मागे सरकलाय. जमिनीवरून तिचा आकार ध्यानातच येत नाही, दिसतो फक्त सरळ काठ. शेजारच्या विमानतळावर उतरणाऱ्याला मात्र अख्खा षटकोन दिसतो. अशा बंदराचा फोटो काढताना समुद्र कुठे गेला हे दाखवणं हाच विषय. शेतातून जाणारी धक्क्याची रेघ, तिच्यापुढचा दलदलीचा पट्टा, तिथलं लव्हाळं. गवताचा रंगसुद्धा सांगतो: जुना नौकामार्ग होता तिथे ओल जास्त, म्हणून हिरवा टिकतो.

दुसरं, जमीन वर आलेली. क्रीटमधलं फलासार्ना. इसवी सन ३६५ च्या भूकंपात पश्चिम क्रीटचा किनारा उचलला गेला, तिथे सहा मीटरांहून जास्त. बंदर जागच्या जागी कोरडं पडलं. धक्का आहे, तळ आहे, पाणी खाली निमूट वेगळीकडे. इथे दोन्ही एका चौकटीत घेतल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही.

तिसरं याच्या उलट, खाली गेलेलं. आजच्या इस्राएलमधल्या सीझरियाला हेरोड राजाने इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या पाव शतकात सेबास्टोस बंदर बांधलं, तेही उघड्या वाळूच्या किनाऱ्यावर, नैसर्गिक आडोसा नसताना. पाण्याखाली घट्ट होणाऱ्या काँक्रीटसाठी नेपल्सजवळची ज्वालामुखीची राख जहाजांनी आणली. आज ते लाटा अडवणारे बाहेरचे बांध पाण्याखाली आहेत. हवेतून घेतलेल्या फोटोत निळ्यात काळसर आकार दिसतात तेच ते.

आणि वादळ. धनुष्कोडीला २२-२३ डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळाने एका रात्रीत संपवलं. रेल्वे होती, पलीकडे श्रीलंकेतल्या तलाईमन्नारला जाणारी बोट होती. तिथे बंदर कमी आणि वाळू जास्त दिसते, म्हणून लोक चर्चच्या भिंतींवर थांबतात. खरं तर रूळ ज्या दिशेने पाण्याकडे जात होते ती दिशा पकडली तर अर्धी गोष्ट सांगून होते.

गुजरातमधल्या हडप्पाकालीन लोथलचं मुद्दाम घेत नाही. ते गोदी की तलाव यावरून इथे शंभर प्रतिसाद होतील.

खडूस_काका

गोदीच आहे. संपला विषय.

गाळमित्र

काका, नको म्हटलं ना :)

भटकी_भिंगरी

या यादीत अ‍ॅरोमँशचं कृत्रिम बंदरही घाला. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या उतरणीसाठी इंग्लंडमध्ये काँक्रीटचे प्रचंड पोकळ ठोकळे ओतले आणि इंग्लिश खाडी ओलांडून ओढत नेऊन बुडवले. अशी दोन बंदरं होती. १९ जूनला सुरू झालेल्या वादळात अमेरिकनांचं मोडलं, ब्रिटिशांचं टिकलं. बांधताना काही महिन्यांपुरतंच बांधलेलं, आणि त्याचे ठोकळे अजून समुद्रात उभे आहेत. ओहोटीला काही ठोकळ्यांपर्यंत चालत जाता येतं. तिथे मोठी भिंत अशी नाहीच, लांबवर पसरलेले तुटक तुकडे आहेत. पुळणवाट म्हणतात तसं मधलं पाणीच दाखवावं लागतं, दुसरा इलाज नाही.

पुळणवाट

गाळमित्र, साष्टांग दंडवत. लांबून घ्यायचे फोटो कळले. आता जवळचं. धक्क्याच्या दगडावर काय वाचायचं?

दगडफूल

माझा प्रांत. धक्क्याच्या काठापासून सुरुवात करा. दोर वर्षानुवर्षं घासून कडेच्या दगडात खोबणी पडतात, बोटं आत बसतील एवढ्या खोल. त्या कुठल्या बाजूला वळल्यात त्यावरून गलबत कुठे लागायचं याचा अंदाज येतो. मग कड्या आणि खुंट. लोखंडी कडी दगडात बसवताना भोकात शिसं ओतायचे. कडी गेली तरी शिशाची करडी गोळी कधीकधी राहते. जिथे लोखंड उरलंय तिथे दगड फुटलेला दिसेल, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. तांबडे ओघळ आणि भेगा असा एक जवळचा फोटो अख्ख्या धक्क्यापेक्षा जास्त बोलतो. लिबियातल्या लेप्टिस मॅग्ना या रोमन शहराच्या धक्क्यांत तर दगडातच कोरलेले, आरपार भोक असलेले बांधणीचे खुंट आहेत. समोरचं बंदर गाळाने भरलंय, आणि ते दगड कुणीतरी दोर टाकेल म्हणून अजून वाट बघत बाहेर आलेले.

पाण्याच्या रेषा तर सोडूच नका. खाली बार्नॅकलचा (दगडाला चिकटून राहणारे कवचवाले जीव) पांढरा खडबडीत पट्टा, म्हणजे रोज पाणी येतं तिथपर्यंत. त्यावर काळा पट्टा. थंड किनाऱ्यांवर त्याच्या वर नारिंगी दगडफूल आणि मग करडं. हे पट्टे आडवे सरळ असले तर बांधकाम जागचं हललेलं नाही. एखादा दगड नंतर कोसळला असेल तर त्याच्यावरचा जुना पट्टा तिरका दिसतो! नेपल्सजवळच्या पोत्झुओलीच्या जुन्या बाजारपेठेत उभ्या असलेल्या तीन खांबांवर माणसाच्या डोक्याच्याही वर शिंपल्यांनी पोखरलेला पट्टा आहे. जमीन आधी खाली गेली, मग वर आली, याचा तो पुरावा. भूशास्त्राच्या पुस्तकांत तो फोटो हमखास असतो.

उजेड बाजूने हवा, भिंतीला चाटून जाणारा. खोबणी, टाकीचे घाव, मिठाने पोखरलेली भोकं, सगळं सावलीतून उठतं. समोरून ऊन असेल तर दगड सपाट. आणि पाणी नुकतं उतरलेलं असताना पोचा. ओला दगड गडद होतो, रंग वर येतात. अर्ध्या तासात वाळला की सगळं फिकट.

ट्रायपॉडधारी

आता माझी पाळी. कुणी लाँग एक्स्पोजरचं, म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवण्याचं, नाव काढलं नाही म्हणून आश्चर्य वाटलं. दहा स्टॉपचा एनडी, म्हणजे उजेड दहा वेळा निम्मा करणारा काळा फिल्टर, लावला की १/६० सेकंदाचं १७ सेकंद होतं. पाणी गुळगुळीत, वर नुसते दगड. गोंधळ निघून जातो.

खडूस_काका

आणि पाण्याचं दूध होतं. जगातलं प्रत्येक बंदर दुधात बुडवून काय मिळतं तुम्हाला? बंदर लाटांशी भांडायला बांधलं होतं. लाटाच पुसून टाकल्या तर भांडण कुणाशी होतं ते कसं कळणार?

ट्रायपॉडधारी

काका, आवडनिवड असते.

खडूस_काका

आवडनिवड असतेच. म्हणून तर निवडा म्हणतोय. सरसकट नको.

गाळमित्र

दोघेही थोडे बरोबर आहात, सांगतो कसं. बांध पाण्याखाली असला तरी लांबून आलेली लाट त्यावर येऊन फुटते. म्हणजे फेसाची एक रेघ बरोबर बुडालेल्या भिंतीवर उमटते. एका क्षणाच्या फोटोत ती तुटक दिसते, कारण लाट एका वेळी एकाच भागावर फुटत असते. २०-३० सेकंदांच्या फोटोत ती जोडली जाऊन पांढरा पट्टा होतो आणि अख्खा बांध काढून दाखवतो. तिथे ट्रायपॉडधारींचा फिल्टर हवाच. पण धक्क्याच्या भिंतीवर लाट आपटते ते दाखवायचं असेल तर १/२ ते १/८ सेकंद. पाणी हललेलं दिसतं आणि त्याचं वजनही राहतं. त्याला सहा स्टॉप पुरे.

ट्रायपॉडधारी

बांधाची युक्ती भारी आहे. दूध मात्र मी पीत राहणार.

उधाणकर

फोटोच्या नादात जीव जातो म्हणून हे एकदा ठळक. भरती एका चालीने चढत नाही. ढोबळ हिशेब बाराव्या भागांचा: सहा तासांत अनुक्रमे एक, दोन, तीन, तीन, दोन, एक भाग. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. पहिल्या तासात काही हललेलं दिसत नाही, माणूस निर्धास्त होतो, आणि मग पाठीमागचा सखल भाग आधी भरतो. पडक्या बांधाच्या टोकाला जाताना वाटेत कुठला भाग सगळ्यात खाली आहे तो जाताना बघून ठेवा. तिथे पाणी पोचायच्या आधी परत फिरायचं. समोर काय दिसतंय याच्याशी काही संबंध नाही.

खाली उतरण्याआधी पंधरा-वीस मिनिटं नुसते बघत बसा. मोठ्या लाटा गटाने येतात, मध्ये बराच वेळ शांत जातो. हिरव्या शेवाळावर पाय नाही. पोकळ दगडांवर, काठाला आलेल्या भिंतींखाली ट्रायपॉड लावू नका. खालून समुद्राने भरण काढून नेलेलं असतं, वरून भिंत शाबूत दिसते.

निवांत_नेमाडी

खाऱ्या पाण्यात ट्रायपॉड उभा करायचा असेल तर पायाचा सगळ्यात खालचा भाग आधी पूर्ण बाहेर काढा, म्हणजे सांधे पाण्याच्या वर राहतात. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवायचा. भिंगावर तुषार वाळले असतील तर कोरड्या कपड्याने पुसायचं नाही, मिठाचे खडे लेप ओरबाडतात. आधी फुंकणी, मग ओलसर कापड. संपलं.

भटकी_भिंगरी

एक गोष्ट खटकते ती बोलते. यातली बरीच "पडकी" बंदरं पडीक नाहीत. बाजूला होड्या ओढलेल्या असतात, जाळी वाळत असतात, फुटक्या धक्क्यावर रोज कुणीतरी उतरतं. आपण फोटो काढताना ते सगळं चौकटीबाहेर ढकलतो, कारण आपल्याला भकास दिसायला हवं असतं. प्लास्टिकचे निळे पिंप आले की नाकं मुरडतात. अहो, तीच तर त्या बंदराची आजची हकिगत आहे. शिवाय पायरीवर एक माणूस उभा असला की पायऱ्या केवढ्या ते कळतं. विचारून काढा म्हणजे झालं. विचारलं तर बहुतेकदा पाणी कुठे खोल, बांध कुठे बुडालाय हेही तेच सांगतात, आणि ते कुठल्याच तक्त्यात नसतं.

पुळणवाट

भिंगरीताई, हे शंभर टक्के. मूळ लेखात लिहायला हवं होतं असं नाही म्हणत, तुम्ही लिहिलंत तेच जास्त बरं.

ड्रोनबद्दल कुणी बोललं नाही. गाळमित्रांची अर्धी बंदरं तर वरूनच कळतात.

नीलरेषा

ड्रोनने बांधाचा आकार कळतो हे खरं, पण बंदरं बहुधा नौदल, तटरक्षक, विमानतळ, संरक्षित स्मारक यांपैकी कशाच्या तरी शेजारी असतात. त्या देशाचे नियम आणि तिथलं क्षेत्र तपासल्याशिवाय उडवू नका. संरक्षित स्मारकांवर नुसत्या ट्रायपॉडलाही परवानगी लागू शकते. आणि समुद्रावर वारा भेटतो तो परतीच्या वाटेवर, तेव्हा बॅटरी अर्धी व्हायच्या आत वळवा.

मी तरी आधी जवळची टेकडी किंवा दीपस्तंभाचा उंचवटा शोधते. आणि जुने सागरी नकाशे. ब्रिटिश नौदलाचं जलालेखन कार्यालय १७९५ मध्ये सुरू झालं. त्यानंतरच्या काळात कितीतरी किनाऱ्यांचे खोलीसकट नकाशे निघाले. नकाशावर नौकामार्ग दिसतो, आत शिरताना खलाशी कुठल्या दोन खुणा एका रेषेत धरायचे ते दिसतं. त्याच रेषेवर जाऊन उभं राहायचं. तिथून बंदराचं तोंड नीट उघडतं.

खडूस_काका

हे उत्तम. याला म्हणतात कष्ट.

दगडफूल

आणखी एक काम करा. दर वर्षी त्याच जागेवरून, तेच भिंग, पाण्याची साधारण तीच उंची, असा एक फोटो काढून ठेवा. जमिनीवर पक्की खूण हवी, खडकातली भेग वगैरे. इंग्लंडमधल्या ब्राइटनचा वेस्ट पिअर, म्हणजे समुद्रात काढलेला फिरायचा धक्का, १८६६ मध्ये खुला झाला, १९७५ मध्ये बंद, २००३ मध्ये आगी लागल्या, आणि त्यानंतर उरलेला सांगाडाही वादळांत तुकड्यातुकड्याने ढासळत गेला. लोक सतत फोटो काढत होते म्हणून तो कसा कोसळला हे जवळजवळ टप्प्याटप्प्याने बघता येतं. लहान बंदरांना हे भाग्य नसतं. तिथे तुमचा कंटाळवाणा, ढगाळ, सरळ समोरून काढलेला फोटोच पुढे कामाला येईल.

चांदणवेडा

रात्रीचं कुणी बोललं नाही. पौर्णिमेला उधाण असतं आणि सूर्य मावळताना चंद्र उगवतो. चंद्र चांगला वर आल्यावर एफ/४, आयएसओ ८००, ३० सेकंद ही सुरुवात धरा. फोटो दिवसासारखा उजळ येतो, मग रात्र वाटावी म्हणून एक-दोन स्टॉप कमी करायचे. अर्थात उधाणकरांचं वाचून, आणि एकट्याने नाही.

कुडाची_भिंत

सगळं वाचलं. माझ्याकडे फक्त मोबाईल आहे. माझ्यासारख्यांनी काय करायचं? ध्रुवण फिल्टरही नाही.

नीलरेषा

मोबाईलने यातलं बरंच होतं. लांब एक्स्पोजरचा पर्याय बहुतेक फोनमध्ये असतो, तो अनेक फोटो एकावर एक रचतो. फोन दगडावर टेकवून टायमर लावा. रुंद भिंगाचा मोह टाळा, धक्का लांब पळतो आणि पाणी पसरट दिसतं. मागे सरकून मुख्य भिंगानेच घ्या. फिल्टरऐवजी ध्रुवण केलेला गॉगल असेल तर त्याची काच भिंगापुढे धरा. डोळ्यांवर असतो तसाच सरळ धरायचा. ९० अंशांत फिरवलात तर पाण्यावरची चकाकी परत येते.

कुडाची_भिंत

गॉगल आहे! उद्याचा तक्ता बघते. आमच्याकडची ओहोटी दुपारची निघाली तर काकांना कळवेन.

खडूस_काका

टोपी घालून जा.